सहा खिडक्यांचं रोटेशन

सोमवारी सकाळी पाणीपुरवठा कार्यालयाच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. आंतरखाते व्हॉलीबॉल सामन्यासाठी निवडलेल्या सहा खेळाडूंची ती यादी होती. आता निवडलेल्या म्हणजे काय, तर कार्यालयात खिडक्या सहा, खिडक्यांमागे माणसं सहा, आणि या खेळाला माणसं लागतात सहा. निवड समितीला फारसं डोकं खाजवावं लागलं नव्हतं. आजवर शेरेबुवांच्या जागी सहावा म्हणून शिपाई खेळायचा, तो यंदा निवृत्त झाला होता. तीन नंबरच्या खिडकीतल्या शेरेबुवांनी ती यादी तीनदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली, आणि खिशातलं पेन काढून आपल्या नावापुढे ‘नजरचुकीने? खुलासा व्हावा’ असं लिहून टाकलं.

शेरे मारणं हे त्यांचं कामच होतं, म्हणून तर त्यांना सगळे शेरेबुवा म्हणायचे. नळजोडणीचा अर्ज एक नंबरच्या खिडकीत दाखल व्हायचा, दोनला तपासला जायचा आणि तीनला शेरेबुवांच्या हाती पडायचा. शेरेबुवा त्यात काही ना काही खोट काढायचेच. मग तो अर्ज खुलाशासाठी मागे दोनला जायचा, पुन्हा पुढे यायचा, पुन्हा मागे जायचा, आणि नशीब असेल तर कधीतरी चार, पाच करत सहाला पोचायचा. या सगळ्या धावपळीत शेरेबुवा स्वतः मात्र जागचे हलत नसत. एकोणीस वर्षांत त्यांच्या खुर्चीची गादी दोनदा बदलली होती, बसणारा तोच होता.

ते तडक हेडक्लार्कसाहेबांकडे गेले. हेडक्लार्क एक नंबरच्या खिडकीत बसायचे आणि टीमचे कॅप्टनही तेच होते. शेरेबुवांनी वय सांगितलं, गुडघे सांगितले, डॉक्टरांचं मत सांगितलं. हेडक्लार्क म्हणाले की ते सगळं खरं असेल, पण पाचच जण गेलो तर न खेळताच हरलो असं धरतील.

“आणि खेळून काय होणार आहे, साहेब? अकरा वर्षं आपण हरतोच आहोत.”

“खेळून हरलो की अहवालात तसं लिहिता येतं.”

मुद्दा बिनतोड होता. संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी हीच तक्रार बायकोपुढे मांडली. वरिष्ठांकडे लेखी अर्ज करून नाव काढून घेणार, असं ते सांगत होते, तेवढ्यात समोर मान खाली घालून जेवणाऱ्या लेकीने वर पाहिलं.

ही लेक कॉलेजच्या टीममधून चार वर्षं व्हॉलीबॉल खेळत होती. पहिल्या दोन वर्षांत ती प्रत्येक सामन्याची तारीख, वेळ, मैदान सगळं सांगायची, आणि शेरेबुवा दरवेळी म्हणायचे, बघू, ऑफिसातून सुटता आलं तर येतो. सुटता कधी आलं नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा साठलेले अर्ज असायचेच. मग तिने सांगणं सोडून दिलं. गेली दोन वर्षं दोरीवर तिची जर्सी वाळत दिसली की त्यांना कळायचं, सामना होऊन गेला. कुणी विचारलं नसलं तरी सांगायला हरकत नाही, त्यांना याचं फार वाईट वाटायचं. पण कोणत्या तोंडाने बोलणार?

“तुम्ही खेळणार, बाबा?” लेकीने विचारलं.

“छे, नाव काढून घेतोय.”

“काढू नका. मी येईन बघायला.”

झालं. शेरेबुवा पुरते अडकले. सामना जिंकायची भाषा तर कुणीच करत नव्हतं, पण त्या रात्री पाठ टेकताना त्यांनी मनाशी एकच ठरवलं. लेकीच्या देखत आपली एक सर्व्हिस नेटपलीकडे गेली पाहिजे. फक्त एक. बाकी त्या कार्यालयाचं काय व्हायचं ते होवो.

दुसऱ्या दिवसापासून लेकीने सकाळी साडेपाचला त्यांना उठवायला सुरुवात केली. घरात बापाला जी माया मिळते ती मैदानावर मिळत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी समजलं. आठ दिवस तिने चेंडूला हातच लावू दिला नाही. आधी पाय, म्हणाली. उठाबशा झाल्या, दोरीवरच्या उड्या झाल्या, जिना चढून उतरून झाला. मग तिने त्यांना भिंतीला पाठ लावायला सांगितली आणि खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं गुडघे वाकवून राहा म्हणाली. शेरेबुवांची कळी खुलली. बसण्यात आपला हात कोण धरणार? नवव्या सेकंदाला ते भिंतीवरून घसरत जमिनीवर आले आणि त्यांना उठवायला मायलेकी दोघी लागल्या.

“एकोणीस वर्षं मला वाटायचं तुम्ही बसता,” बायको म्हणाली. “सगळं खुर्चीच करत होती म्हणायची.”

दुसऱ्या आठवड्यात चेंडू आला. दोन्ही हात जोडायचे, कोपरं ताठ ठेवायची, चेंडू मनगटाच्या वर घ्यायचा आणि जोर पायांतून द्यायचा, हात नुसते धरून ठेवायचे. ऐकायला सोपं वाटतं. शेरेबुवा चेंडू येताना डोळे मिटत आणि गेल्यावर उघडत, त्यामुळे तो कुठे गेला हे त्यांना आवाजावरून कळायचं. पहिला भांड्यांच्या मांडणीवर गेला, दुसरा बादलीत आणि तिसरा शेजाऱ्यांच्या गॅलरीत. शेजाऱ्यांनी तो दोन दिवस दिला नाही. हात कोपरापर्यंत लालबुंद झाले. ऑफिसात दोन नंबरवाल्यांनी ते पाहून, खरूज अंगावर काढू नका, असा सल्ला दिला.

सर्व्हिस मात्र थोडी थोडी जमायला लागली. डाव्या तळहातावर चेंडू धरायचा, उजवा हात मागून झुलवत आणायचा आणि तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने खालून हाणायचा. कपडे वाळत घालायची दोरी हीच नेट होती. दहातले चार चेंडू दोरीपलीकडे जाऊ लागले. उरलेले सहा बायकोच्या ओल्या चादरींवर गोल शिक्के उठवत. एकदा लेकीने त्यांचं मनगट धरून नीट वळवून दिलं, आणि लहानपणी पेन्सिल धरायला आपणच हिला असं शिकवलं होतं, हे आठवून शेरेबुवांनी पुढचा चेंडू उगाचच फार जोरात मारला.

इकडे कार्यालयाची प्रॅक्टिस मागच्या अंगणात, टाकीच्या सावलीत सुरू झाली आणि तिथे वेगळाच घोटाळा झाला. मैदानावरच्या सहा जागांनासुद्धा एक ते सहा असे नंबर असतात, आणि खेळाडूंना वेळोवेळी एकेक जागा सरकावं लागतं. त्याला रोटेशन म्हणतात. पण ते सरकणं उलटं असतं. तीनचा माणूस दोनवर येतो, दोनचा एकवर, एकचा सहावर. शेरेबुवांच्या आयुष्यात कुठलीही गोष्ट एकहून दोनला आणि दोनहून तीनलाच गेली होती. पाय आपोआप तिकडेच वळायचे. पहिल्या संध्याकाळी ते चार वेळा उलटे गेले आणि चौथ्या वेळी हेडक्लार्कसाहेबांच्या पायावर चढले. अंगठा टम्म सुजला.

सुजलेला अंगठा बादलीत बुडवून बसलेल्या माणसाला भलभलत्या कल्पना सुचतात. हेडक्लार्कनी सगळ्यांना जवळ बोलावलं. रोटेशन अंगात मुरायला हवं आणि दिवसाकाठी एक तास खेळून ते मुरणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. दिवसाचे सात तास आपण कुठे असतो? खिडकीत. खिडक्या किती? सहा. मग उद्यापासून दर अर्ध्या तासाला मी घंटी वाजवीन, घंटी झाली की प्रत्येकाने एक खिडकी सरकायचं, मैदानावर सरकतो तसंच.

“आणि काम?” पाच नंबरवाल्यांनी विचारलं.

“काम खिडकीचं असतं. माणूस कुठलाही चालतो.”

दुसऱ्या दिवशी अकराला घंटी झाली. सहाही जण आपापलं पेन, चष्मा आणि पाण्याची बाटली घेऊन उठले आणि सरकले. शेरेबुवा तीनवरून दोनला आले. एकोणीस वर्षांत प्रथमच त्यांना तो हॉल दुसऱ्या कोनातून दिसला. समोरच्या भिंतीवर खिडकी आहे हेही त्यांना त्या दिवशी कळलं.

दोनच मिनिटांपूर्वी त्यांनी बेकरीवाल्या बाईंच्या अर्जावर ‘सहीत फरक, खुलासा व्हावा’ असा शेरा मारून त्यांना दोन नंबरला पाठवलं होतं. बाईंना बेकरीसाठी मोठा नळ हवा होता आणि त्यांची ही सातवी खेप होती. त्या दोन नंबरला आल्या, त्यांनी वाकून आत पाहिलं, मग मागे तीन नंबरकडे पाहिलं, मग पुन्हा आत पाहिलं.

“तुम्ही तिकडे होता ना?”

“होतो.”

“मग इथे कोण बसतं?”

“सध्या मी.”

बाईंनी जास्त चौकशी न करता अर्ज आत सरकवला. शेरेबुवांनी आपलाच शेरा वाचला. मग दोन्ही सह्या पाहिल्या, भिंगातून पाहिल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या. फरक काही दिसेना. अशा वेळी नियम असा की शेरा मारणाऱ्या खिडकीकडून स्पष्टीकरण घ्यायचं. त्यांनी वाकून तीन नंबरला हाक मारली. तिथे आता चार नंबरवाले बसले होते, आणि ते शेरेबुवांच्या टेबलाचा खण कसा उघडतो ते शोधत होते.

“अहो, हा सहीत फरक म्हणजे नेमका कुठला फरक?”

“मला काय माहीत? मी आत्ता आलोय. आधी जो बसला होता त्याला विचारा.”

“आधी मीच होतो.”

“मग तुम्हाला माहीतच असेल की.”

शेरेबुवा विचारात पडले. स्वतःलाच लेखी पत्र पाठवावं का, आणि पाठवलं तर त्याचं उत्तर कोणत्या खिडकीतून द्यावं, काही सुधरेना. बेकरीवाल्या बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि खिडकीच्या कट्ट्यावर हात ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, “मी उभी राहते. तुमचं तुमच्यात काय ते ठरू द्या.”

अखेर त्यांनी ‘खुलासा मान्य’ असं लिहिलं. खुलासा कुणी केला, हे कुणी विचारलं नाही. अर्ज पुढे निघाला, माणसं मागे मागे सरकत होती. त्यामुळे बारा वाजता शेरेबुवा एकवरून सहाला पोचले तेव्हा समोर तोच अर्ज येऊन ठेपला होता. त्यांनीच त्यावर शेवटचा शिक्का मारला आणि मंजुरीचा कागद त्यांनीच बाईंच्या हातात दिला. बाई तो घेऊन मागे वळून न बघता निघून गेल्या. पुन्हा घंटी व्हायच्या आत दाराबाहेर पडलेलं बरं, असं त्यांना वाटलं असावं.

बाहेर रांगांचा मात्र विचका झाला. काहीजण खिडकी धरून राहिले, काहीजण माणूस धरून त्याच्या मागे चालू लागले. अर्ध्या तासाने पुन्हा घंटी झाली की सगळा हॉल फिरायचा. एक आजोबा दोन फेऱ्या मारून बाकावर बसले आणि शेजारच्याला म्हणाले, माझी खिडकी इथून जायला लागली की मला उठव.

पण आठवडाभरात एक विचित्र गोष्ट घडू लागली. आपण मारलेला शेरा अर्ध्या तासाने आपल्यालाच निस्तरावा लागतो, हे शेरेबुवांच्या ध्यानात आलं, आणि शेरे मारणं हळूहळू कमी होत बंदच पडलं. बाकीच्यांनाही तसाच अनुभव आला. ढीग उतरला. दुसऱ्या आठवड्यात मोठ्या मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, त्यांनी रिकाम्या कपाटाकडे पाहिलं आणि प्रलंबित अर्ज कुठे आहेत असं विचारलं. एकही नाही, असं हेडक्लार्कनी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मासिक तक्त्यात प्रलंबित अर्जांचा रकाना आजवर कधी रिकामा गेलेला नव्हता. अर्ज का शिल्लक नाहीत याचा लेखी खुलासा त्यांनी तीन दिवसांत मागितला. तो लिहायचं काम सहाही जणांनी अर्धा अर्धा तास केलं, त्यामुळे तो कुणालाच नीट कळला नाही.

सामन्याचा दिवस उजाडला. समोर अग्निशमन दलाची टीम होती. ती माणसं वाट बघतानासुद्धा जागच्या जागी उड्या मारत होती. लेक वेळेआधीच येऊन मैदानाच्या कडेला, दोरीपाशी बसली होती. शेरेबुवांनी तिच्याकडे पाहिलं आणि वाकून बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या.

हेडक्लार्कनी त्यांना सगळ्यात शेवटी सर्व्हिस येईल अशी जागा दिली होती. “तुमची पाळी यायची तर सर्व्हिस पाच वेळा समोरच्यांकडून आपल्याकडे परत यायला हवी,” ते म्हणाले. “अकरा वर्षांत मिळून ती दोनदा आलीय. तुम्ही निर्धास्त राहा.” शेरेबुवांना हेच नको होतं. पण मला एक सर्व्हिस मारायची आहे हो, असं पन्नाशी उलटलेल्या माणसाने कसं म्हणायचं?

पहिली सर्व्हिस हेडक्लार्कनी केली आणि ती नेटमध्ये गेली. पंचांनी शिट्टी वाजवली. शिट्टी कानावर पडताच सहाही जण शिस्तीत एकेक जागा सरकले. तीन आठवडे घंटीवर फिरलेले पाय होते ते, त्यांना शिट्टी काय आणि घंटी काय. पंचांनी चूक म्हणून पुन्हा शिट्टी वाजवली. ते पुन्हा सरकले. समोरच्यांना नऊ गुण मिळाले तेव्हा अग्निशमनवाल्यांनी एकाही चेंडूला नीट हात लावला नव्हता. शेवटी पंच उंच खुर्चीवरून खाली उतरले, त्यांनी प्रत्येकाला दंडाला धरून जागेवर उभं केलं आणि हेडक्लार्कना बाजूला घेऊन समजावलं. हेडक्लार्कनी ते टीमला थोडक्यात सांगितलं. गुण गेला की हलायचं नाही, गुण मिळाला की हलायचं.

मग खेळ सुरू झाला. अग्निशमनवाल्यांच्या अंगात जोर इतका की त्यांचे काही फटके मैदानाच्या फार पलीकडे जाऊन पडले. एक चेंडू पाच नंबरवाल्यांच्या खांद्याला लागून आपण होऊन पलीकडे गेला. अधूनमधून असा एखादा गुण पाणीपुरवठ्याला मिळायचा, सर्व्हिस हाती यायची आणि लगेच नेटमध्ये जायची. शेरेबुवा मनातल्या मनात मोजत होते. तीन झाले, चार झाले. समोरचे वीसच्या पुढे गेले होते. आता एक चेंडू, देवा, एकच त्यांच्याकडून बाहेर जाऊ दे.

तो गेला. पाचव्यांदा सर्व्हिस आली, सगळे सरकले, आणि शेरेबुवा चेंडू घेऊन मागच्या रेषेबाहेर उभे राहिले. त्यांनी चेंडू डाव्या तळहातावर धरला, उजवा हात झुलवला, डोळे मिटले आणि हाणला.

कुठूनच काही आवाज आला नाही. त्यांनी डोळे उघडले. चेंडू नेटपलीकडे होता. अग्निशमन दलाचे दोन धिप्पाड जवान त्याच्या दोन बाजूंना उभे होते, आणि तो तू घेशील म्हणून दोघांनीही सोडून दिलेला होता. चेंडू दोघांच्या मधोमध आपटला, एकदा उसळला आणि गडगडत गेला.

गुण मिळाला. सर्व्हिस करून गुण मिळवण्याचा पाणीपुरवठा खात्यातला हा पहिलाच प्रसंग होता, त्यामुळे अशा वेळी काय करतात हे टीममध्ये कुणालाच माहीत नव्हतं. गुण मिळाला की हलायचं, एवढंच पाठ होतं. पाचही जण हलले. पुढची सर्व्हिस हेडक्लार्कांची, म्हणून ते लंगडत मागे आले आणि त्यांनी शेरेबुवांपुढे हात केला.

“द्या चेंडू. तिकडे सरका.”

शेरेबुवांचा हात पुढे झालाच होता, तेवढ्यात दोरीपासून लेकीचा आवाज आला.

“बाबा, हलू नका. आपल्याच सर्व्हिसवर गुण मिळाला की परत तुम्हीच मारायची. जागचे हलू नका.”

शेरेबुवांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. साहेब हात पुढे करून उभे होते. पाच जण नव्या जागी जाऊन उभे होते आणि सगळे त्यांना खुणेने सरकायला सांगत होते. सोमवारी याच सगळ्यांबरोबर बसायचं होतं. त्यांनी चेंडू पोटाशी धरला.

“साहेब, लेक सांगतेय हलू नका,” ते म्हणाले. “मी काही आज हलत नाही.”

पंचांनी वरून मान डोलावली आणि हेडक्लार्कना हाताने परत जायला सांगितलं. ते पुटपुटत पुढे आपल्या जागी गेले. शेरेबुवांनी पुन्हा चेंडू तोलला, हात झुलवला, आणि या वेळी लेक बघतेय म्हणून डोळे उघडे ठेवले. चेंडू सरळ सुटला आणि हेडक्लार्कसाहेबांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला फटकन बसला.

सामना पंचवीस-सहाने गेला. सोमवारी लेखी खुलासा हवा, असं हेडक्लार्क डोकं चोळत सगळ्यांसमोर म्हणाले आणि शेरेबुवांनी बरं म्हटलं. घरी जाताना लेक रस्त्यात तीनदा थांबून हसली, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेरेबुवांना आधी वाटलं आपलं हसं झालं, मग तेही हसायला लागले. कोपऱ्यावर तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

“रविवारी सकाळी माझी मॅच आहे,” ती समोर बघत म्हणाली. “साडेआठला. कॉलेजच्या मागच्या मैदानावर.”

“येतो,” शेरेबुवा म्हणाले.

“या. पण एक सांगून ठेवते, बाबा. बाहेरून मला काही सांगायचं नाही.”

शेरेबुवांनी तेही मान्य केलं.